एक इयत्ता, चार लिप्या

अमुक इयत्तेच्या अखेरीस मुलाला अमुक इतके यावे, अशी यादी करण्याची प्रथा आपल्याकडे नवी नाही. पंतोजींच्या शाळेत ती कागदावर लिहिलेली नसे, एवढेच. मुळाक्षरे, बाराखडी, जोडाक्षरे, मग मोडी. अंकांत उजळणी, पाढे आणि त्यांच्या पुढे पावकी, निमकी, पाउणकी, सवायकी, दिडकी, औटकी. हे सारे तोंडपाठ झाले की मुलगा दुकानाच्या गादीवर किंवा कुलकर्ण्याच्या दप्तरात बसण्यास योग्य झाला, असे समजत. त्या शिक्षणाची कसोटी शाळेच्या भिंतीबाहेर होती. हिशेब चुकू नये आणि हाती आलेला कागद वाचता यावा, इतकी ती साधी होती. मात्र ही कसोटी ज्या घरांसाठी होती, ती घरे मोजकीच होती.

ज्यांच्या घरात कागद फक्त जप्तीच्या वेळी येई, त्यांच्या मुलांना काय शिकवावे, हा प्रश्न आपल्या भाषेच्या प्रदेशात प्रथम ठामपणे मांडला तो जोतीराव फुले यांनी. १९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शाळेचा अभ्यासक्रम विषयवार सुचविला आहे. मोडी व बालबोध या दोन्ही लिप्यांचे वाचन-लेखन, अंकगणित, इतिहास, भूगोल व व्याकरण यांची तोंडओळख, शेतीचे प्राथमिक ज्ञान, नीती व आरोग्य यांवरचे थोडे पाठ. या यादीत मोडी आणि शेती एका ओळीत येतात, याकडे सहसा लक्ष जात नाही. सावकाराची व कुलकर्ण्याची वही मोडीत असे. ती वाचता आल्याखेरीज शेतीचे ज्ञान शेतकऱ्याच्या उपयोगाचे नाही, हे फुल्यांनी पुरते ओळखले होते.

हा धागा घेऊन आपल्याला आदिलाबादच्या डोंगराळ भागात, इंद्रवेल्लीच्या परिसरात यावयाचे आहे. येथे साठ वर्षांनंतर नेमका तोच प्रश्न पुन्हा उभा राहिला, आणि त्याचे पहिले उत्तर आपल्या देवनागरी अक्षरांत लिहिले गेले.

आज इंद्रवेल्ली हे आदिलाबाद जिल्ह्यातील एका मंडळाचे मुख्य गाव आहे. सोमवारच्या बाजारात गोंडी, मराठी, तेलुगू, बंजारा आणि दखनी अशा पाच भाषा कानावर येतात. याच मंडळात केस्लापूर आहे. मेश्राम कुळाच्या नागोबाची जत्रा तेथे पौष अमावास्येला भरते. दक्षिणेस उटनूर, पूर्वेस नारनूर, त्यापलीकडे जैनूर. हा सारा मुलूख पूर्वी निजामाच्या आदिलाबाद जिल्ह्यात मोडत असे. रस्ते झाले, कापसाला भाव आला आणि मराठवाडा-वऱ्हाडातून शेतकरी कुटुंबे येथे येऊन स्थिरावू लागली. आपल्या वाचकांपैकी काहींच्या घराण्यांचा या जिल्ह्यातील इतिहास येथूनच सुरू होतो. त्याच काळात राखीव जंगलाच्या सीमा आखल्या गेल्या, आणि पिढ्यान्‌पिढ्या जमीन कसणारा गोंड सरकारी दप्तरात अतिक्रमण करणारा ठरला. आपल्या पूर्वजांजवळ पट्टा मागण्याची भाषा होती, त्याच्याजवळ नव्हती. गोष्ट कडू आहे, पण ती टाळून या प्रदेशातील शिक्षणाचा इतिहास सांगता येणार नाही.

१९४० मध्ये जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम आणि त्याचे साथीदार निजामाच्या पोलिसांच्या गोळीबारात पडले. उठाव मोडला, तरी तो का झाला हे सरकारला शोधावे लागले. ते काम आले ख्रिस्तोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाकडे. गृहस्थ मूळचे व्हिएन्नाचे. १९३९ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा जर्मन पारपत्रासह हिंदुस्थानात असल्यामुळे ते इंग्रजांच्या लेखी शत्रुराष्ट्राचे नागरिक ठरले, आणि हैदराबाद संस्थानाबाहेर जाऊ नये या अटीवर त्यांना मोकळीक मिळाली. एका युद्धकैद्यासारख्या माणसाच्या सक्तीच्या मुक्कामातून एका जमातीच्या शाळा निघाव्यात, हा इतिहासाचा चमत्कारिक योगायोग म्हणावा लागेल. ते पत्नी बेट्टी यांच्यासह मार्लवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिले, गोंडी शिकले आणि सरकारला अहवाल लिहू लागले. हे अहवाल ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने १९४५ मध्ये प्रसिद्ध झाले.

त्यांच्या अहवालांचा मुख्य विषय जमीन हा होता. शाळा हा त्या जमिनीच्याच प्रश्नाचा एक भाग म्हणून आला. पट्टा मिळाला तरी त्यावर काय लिहिले आहे हे कळत नसेल, पैसे भरले तरी पावतीवरचा आकडा वाचता येत नसेल, तर दिलेली जमीन दोन पावसाळ्यांत पुन्हा दुसऱ्याच्या नावे होणार, हे उघड होते. म्हणून १९४३ मध्ये मार्लवाईला गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र सुरू झाले. या योजनेत शिक्षकांखेरीज गावकामगार व वनरक्षक अशा नोकऱ्यांसाठीही गोंडांतूनच माणसे तयार व्हावीत, अशी दृष्टी होती. म्हणजे शाळेने मुलाला काय द्यावे, हे ठरविताना आधी गावात त्याच्यावर काय प्रसंग येतो ते पाहिले गेले. पंतोजींच्या शाळेची कसोटी शाळेबाहेरची होती असे वर म्हटले आहे. तीच कसोटी येथे प्रथमच वहीच्या पलीकडच्या बाजूला बसणाऱ्याच्या हाती दिली गेली.

पण शिकवावयाचे कोणी आणि कोणत्या अक्षरांत? उर्दू ही राज्यकारभाराची भाषा. तिच्या अक्षरांशी गोंडांचा संबंध नव्हता. गोंडीला लिपी नाही, असाच तेव्हाच्या सर्वांचा समज होता. गावोगाव शोध घेतल्यावर जे मूठभर अर्धशिक्षित गोंड तरुण सापडले, त्यांना येत होती ती मराठी. त्यांनाच शिक्षक म्हणून घडवावयाचे असल्याने गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरीत तयार झाली. भाषा गोंडी, अक्षरे बालबोध. मूल घरी जे बोलते तेच पाटीवर वाचायला शिकेल आणि त्याच अक्षरांच्या आधाराने पुढे मराठीच्या व्यवहारात पाऊल टाकील, अशी ही मांडणी होती.

या निवडीमागे देवनागरीविषयी कसली भक्ती नव्हती, हे आपण समजून घ्यावयास हवे. सोय म्हणून ती निवडली गेली, आणि सोयीतही उणीव होती. आदिलाबादच्या गोंडीत ए आणि ओ हे स्वर ऱ्हस्व व दीर्घ असे दोन्ही प्रकारचे आहेत. मराठीच्या देवनागरीत त्यांना वेगळी चिन्हे नाहीत. तेलुगूच्या लिपीत मात्र ती आहेत. शिवाय गोंडी ही द्राविड कुळातील भाषा, म्हणजे रक्ताच्या नात्याने तेलुगूची. शास्त्राच्या दृष्टीने पाहिले तर तेलुगू लिपी कदाचित अधिक नेमकी ठरली असती. परंतु मुलाला अक्षर शिकवणारा माणूस गावात असावा लागतो, आणि या भागातला तो माणूस मराठी अक्षरे जाणणारा होता. पुढील सत्तर-ऐंशी वर्षांत हा मुद्दा वारंवार विसरला गेला.

मराठीचे या डोंगरात आणखी एक नाते आहे. गोंडांची कुळकथा, देवांच्या जन्मकथा आणि सगांची महाकाव्ये किकरीच्या सुरावर गाऊन जपणारे प्रधान हे आदिलाबादेत घरात मराठी बोलतात. गोंडांचे धर्मज्ञान गोंडीत म्हणून दाखवायचे आणि चुलीपाशी मराठी बोलायचे, असे हे दुभाषी घराणे. त्यामुळे मार्लवाईच्या पुस्तकांत गोंडी आणि बालबोध यांची जी गाठ पडली, ती अगदीच उपरी नव्हती. कथेच्या रूपाने ती आधीच पडलेली होती.

गणिताचेही थोडे पाहू. गोंड समाज सगांत विभागलेला आहे : नालवेन, सीवेन, सारवेन, येर्वेन; म्हणजे चार, पाच, सहा व सात भावांचे वंशज. एकाच सगात लग्न होत नाही. त्यामुळे चार ते सात हे आकडे गोंड मुलाला शाळेत जाण्याआधीच अर्थासह ठाऊक असतात. आपला सगा कोणता आणि मामाचा कोणता, हे त्याला बिनचूक सांगता येते. पाच वर्षांच्या शहरी मुलाला चार आणि पाच यांतला फरक फळ्यावरच्या चेंडूंनी शिकवावा लागतो. येथे तो नातेसंबंधांत मुरलेला आहे. आजच्या शिक्षणशास्त्रात ‘पूर्वज्ञान’ असा शब्द आहे. त्याचे याहून चांगले उदाहरण आम्हांस माहीत नाही.

या कार्यात मराठी वाचकांच्या परिचयाचे एक नाव ओघाने येते, सेतुमाधवराव पगडी यांचे. शिवकाल व मोगल-मराठा संबंध यांचे इतिहासकार म्हणून त्यांना सारा महाराष्ट्र ओळखतो. निलंग्याचा हा माणूस हैदराबादच्या मुलकी सेवेत अधिकारी म्हणून आदिलाबादेत आला, गोंडी शिकला, गोंडी व कोलामी या भाषांची व्याकरणे त्याने लिहिली, आणि ‘अमंग द गोंड्स ऑफ आदिलाबाद’ हे इंग्रजी पुस्तकही. फारसी अखबारांत रमणाऱ्या विद्वानाने कोलामांच्या क्रियापदांची रूपे गोळा करीत डोंगर पालथे घालावेत, ही गोष्ट त्यांच्या ऐतिहासिक ग्रंथांइतकीच मोलाची वाटते. आपल्या समाजातून असे दुसरे नाव चटकन आठवत नाही, हेही येथेच नोंदवावे. हैदराबादेत १९०७ साली विवेक वर्धिनी काढून मराठी मुलाला मराठीतून शिकता यावे म्हणून झटलेला हा समाज. १९१८ मध्ये स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दूतून शिकवू लागल्यावर मातृभाषेच्या हक्काचे महत्त्व त्याला अधिकच पटलेले. पण शेजारच्या वाडीतल्या मुलालाही मातृभाषा असते, हे आपल्या मंडळींना फारसे सुचले नाही. (उर्दूविषयी तक्रार करणारी आपली घरे गोंडीला सर्रास ‘बोली’ म्हणत, अजूनही म्हणतात.)

त्याच सुमारास पैनगंगेच्या उत्तरेस, वर्ध्यात, दुसरा एक विचार आकार घेत होता. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला भरलेल्या परिषदेनंतर डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने मूलोद्योगी शिक्षणाचा सविस्तर अभ्यासक्रम आखला. सात वर्षांचे शिक्षण, माध्यम मातृभाषा, केंद्रस्थानी एक हस्तोद्योग, आणि त्याला जोडून गणित, समाजशास्त्र, सामान्य विज्ञान, चित्रकला. झाकिर हुसेन यांचा जन्म हैदराबादचा, हा आणखी एक योगायोग. वर्ध्याची योजना देशभर गाजली. मार्लवाईची योजना एका जिल्ह्यापुरती राहिली. पण मातृभाषेचा शब्द वर्ध्याइतकाच मार्लवाईनेही पाळला, आणि तोही ज्या भाषेत आधी एकही क्रमिक पुस्तक नव्हते त्या भाषेत.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे भाषावार विभाजन झाले. आदिलाबाद जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके तेव्हाच्या मुंबई राज्याकडे गेले. आज ते अनुक्रमे नांदेड व चंद्रपूर जिल्ह्यांत आहेत. बाकीचा जिल्हा आंध्र प्रदेशात गेला. मराठी मंडळींनी या विभाजनाचे सुखदुःख पुष्कळ लिहिले आहे. त्याचा गोंड मुलाच्या पाटीवर झालेला परिणाम मात्र क्वचितच लिहिला गेला. भाषावार प्रांतरचनेत गोंडी ही भाषा म्हणून मोजली गेली नाही. सीमेच्या या बाजूला तेलुगू हे शाळेचे माध्यम झाले, त्या बाजूला मराठी. मार्लवाईची गोंडी वाचनपुस्तके हळूहळू वापरातून गेली; हायमेनडॉर्फ यांनी १९८२ च्या आपल्या ‘ट्राइब्ज ऑफ इंडिया’ या ग्रंथात या ऱ्हासाविषयी खेद व्यक्त केला आहे. किनवटकडच्या गोंड मुलाला भाषा परकी असली तरी अक्षरे तीच राहिली. इंद्रवेल्लीकडच्या मुलाची भाषाही बदलली आणि अक्षरेही. ज्या गोंड शिक्षकांनी देवनागरीत शिकून शिकविले होते, तेही एका फटक्यात अर्धशिक्षित ठरले.

जमिनीचा प्रश्न त्यानंतरही मिटला नाही. २० एप्रिल १९८१ रोजी, सोमवारी, इंद्रवेल्लीच्या बाजाराच्या दिवशी, गिरिजन रयतु कुली संघमच्या सभेसाठी जमलेल्या आदिवासींवर पोलिसांनी गोळीबार केला. मृतांचा सरकारी आकडा १३. नागरी हक्क संघटनांचा त्याहून कितीतरी मोठा. इंद्रवेल्लीचा लाल स्तूप त्या दिवसाची खूण आहे. या घटनेचा तपशील आपल्या विषयाबाहेरचा आहे. परंतु मार्लवाईच्या शाळेने जे साधावे म्हणून ती काढली गेली, कागद ज्याचा त्याला वाचता यावा आणि जमीन ज्याची त्याच्याकडे राहावी, ते अडतीस वर्षांनंतरही साधले नव्हते, एवढे त्यावरून दिसते.

यानंतर देशात याद्यांचे युग आले. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर रवींद्र दवे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने पहिली ते पाचवी या इयत्तांसाठी किमान अध्ययन पातळ्या निश्चित केल्या. अहवाल १९९१ चा. विषय तीन : भाषा, गणित, परिसर अभ्यास. प्रत्येक इयत्तेच्या अखेरीस मुलाला काय यावे, याचे बारीक क्रमांक लावलेले तक्ते. महाराष्ट्रातील शिक्षकांना ‘किमान अध्ययन क्षमता’ हा शब्दप्रयोग अजून स्मरत असेल. निदान ऐंशी टक्के मुलांना निदान ऐंशी टक्के क्षमता प्राप्त व्हाव्यात, असे त्याचे प्रमाण होते. मुलाने किती वर्षे शाळेत काढली याऐवजी त्याला काय आले हे विचारावे, ही दृष्टी योग्यच होती. अडचण पहिल्याच विषयात होती. समितीच्या तक्त्यात भाषा म्हणजे मातृभाषा. इंद्रवेल्लीच्या शाळेत मात्र ती भाषा म्हणजे तेलुगू. ‘ऐकलेली सोपी गोष्ट समजते’ यासारखी क्षमता गोंड मुलाला घरी तिसऱ्या वर्षीच आलेली असते. शाळेत सातव्या वर्षीही ती आलेली नसते. तक्ता पाहणाऱ्याला वाटते की मूल मंद आहे.

२००४ मध्ये आंध्र प्रदेश सरकारने आठ आदिवासी भाषांत बहुभाषिक शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. त्यांत गोंडीही होती, कोलामीही. आरंभी २४० शाळा. पहिलीत मूल आपल्या भाषेतून वाचू लागते आणि हळूहळू तेलुगूकडे जाते. मार्लवाईचाच विचार साठ वर्षांनी परत आला, फक्त गोंडीची पुस्तके या वेळी तेलुगू लिपीत होती. राज्याच्या दृष्टीने ते स्वाभाविक म्हणावे लागेल. ऱ्हस्व ए-ओचा प्रश्नही त्याने सुटला. पण ज्या आजोबांनी मार्लवाईच्या पुस्तकांतून गोंडी वाचली होती, त्यांना नातवाचे गोंडी पुस्तक वाचता येईना.

आणि मग सर्वांत अनपेक्षित गोष्ट उजेडात आली. इंद्रवेल्लीला लागूनच असलेल्या नारनूर मंडळातील गुंजाळा गावी २००६ च्या सुमारास हैदराबाद विद्यापीठाच्या अभ्यासकांना जुनी हस्तलिखिते मिळाली. लिपी स्वतंत्र, भाषा गोंडी. काही हस्तलिखिते १७५० च्या सुमाराची असावीत, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. प्रा. जयधीर तिरुमल राव यांनी या कामात पुढाकार घेतला. गोंडीला लिपी नाही असे धरून मार्लवाईला देवनागरी निवडली जात होती, तेव्हा काही कोसांवरच्या या गावातील घरांत गोंडीची स्वतःची अक्षरे फडक्यात बांधून ठेवलेली होती! २०१८ मध्ये ‘गुंजाळा गोंडी’ ही लिपी युनिकोडमध्ये समाविष्ट झाली. या भागातील काही शाळांत ती शिकविण्याचे प्रयत्नही झाले आहेत. अभिमानाच्या दृष्टीने ही घटना मोठी आहे. शिक्षणाच्या दृष्टीने मात्र आम्हांस थोडी धास्ती वाटते. या लिपीतील पुस्तके आणि तिच्यात होणारा व्यवहार वाढला नाही, तर मुलाच्या यादीत आणखी एका लिपीची भर पडेल, एवढेच होईल.

यादी तर वाढतेच आहे. २०१७ मध्ये राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेने पहिली ते आठवीच्या ‘अध्ययन निष्पत्ती’ विषयवार प्रसिद्ध केल्या. त्यांतील भाषांचा भाग हिंदी, इंग्रजी व उर्दू यांना धरून लिहिलेला आहे. २०१८ च्या कायद्याने तेलंगणात सर्व शाळांत तेलुगू सक्तीची झाली. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने निदान पाचवीपर्यंत शक्य तेथे मातृभाषेचा पुरस्कार केला. २०२१ मध्ये ‘निपुण भारत’ आले. तिसरीच्या अखेरीपर्यंत प्रत्येक मुलाला समजून वाचता यावे व मूलभूत हिशेब यावा, असे त्याचे लक्ष्य. २०२२-२३ पासून तेलंगणाच्या सरकारी शाळांत इंग्रजी माध्यम आले आणि पुस्तके एका पानावर तेलुगू, समोरच्या पानावर इंग्रजी अशी छापली गेली. गोंड मुलासमोर ही दोन्ही पाने सारखीच उघडी असतात.

आपल्या घरांतही आता ही चर्चा होते. तेलुगूच्या सक्तीनंतर मराठी शाळेतील मुलाला पहिलीपासून दोन लिप्या सांभाळाव्या लागतात, मराठी शाळांचा पट घटतो, नातवंडांना आजीचे पत्र वाचता येत नाही, अशा तक्रारी प्रत्येक बैठकीत निघतात. त्या खोट्या नाहीत. पण आपल्या मुलाच्या पाठीशी छापलेली पुस्तके, वाचनालये आणि पलीकडे एक संपूर्ण राज्य आहे. जिवती तालुक्यातील ज्या चौदा गावांवर महाराष्ट्र व तेलंगण या दोघांनीही हक्क सांगितला, तेथे दोन्ही राज्यांनी शाळा चालविल्या, एक मराठी, एक तेलुगू. गोंडीची शाळा कोणीच काढली नाही.

बेट्टी हायमेनडॉर्फ १९८७ मध्ये हैदराबादेत वारल्या. त्यांची समाधी मार्लवाईला आहे. १९९५ मध्ये लंडनला निधन पावलेल्या ख्रिस्तोफ यांचे अवशेष २०१२ मध्ये तेथेच आणले गेले. दरवर्षी ११ जानेवारीला गोंड मंडळी तेथे जमतात. त्यानंतर पौष अमावास्येला केस्लापूरची जत्रा भरते. आदिलाबादच्या गावांतून माणसे येतात, तशी किनवट-राजुऱ्याकडूनही येतात. सत्तर वर्षे दोन राज्यांत वाढलेली ही भावंडे एकमेकांशी गोंडीत बोलतात आणि प्रधानाची कथा एकत्र बसून ऐकतात. मुलांची दप्तरे उघडली, तर मात्र एकाचे गोंडी पुस्तक दुसऱ्याला वाचता येत नाही.